दुसऱ्या सेटपर्यंत ग्लास पातळ का होतो?

प्रश्न : महिन्यातून दोन शुक्रवारी आम्ही नवरा-बायको दक्षिण मुंबईतल्या एका लाउंज बारमध्ये जातो. जागा छोटी, पियानो, डबल बेस आणि ड्रम्स असं तिघांचं जॅझ. साडेसातला पोचतो, कारण साडेआठपर्यंत एकावर एक फ्री असतं. वाजवणारे साडेनऊला बसतात, मध्ये विश्रांती घेऊन दोन सेट वाजवतात. जागा मनापासून आवडते, पण काही गोष्टी खटकतात. ओल्ड फॅशन्ड मागवला तर अर्ध्या सेटमध्येच त्याचं पाणी होतं. मी चारच ड्रिंक घेतो, दोन लाँग आयलंड, एक ओल्ड फॅशन्ड, एक नेग्रोनी, तरी शनिवार वाया जातो. परवा बँड अचानक थांबला म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या, तर गाणं संपलंच नव्हतं. सगळे वळून बघायला लागले. बायको पीत नाही, आणि तिच्यासमोर दर वेळी तोच साखरेचा व्हर्जिन मोहितो येतो. बिलाबद्दल तर बोलायलाच नको. काय चुकतंय?
– नेहमीचं गिऱ्हाईक, मुलुंड

उत्तर : तुमच्या ‘चारच’पासून सुरुवात करू. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या दारूच्या ३० मिलि स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. या मापाने तुमचे ग्लास मोजा. लाँग आयलंडमध्ये व्होडका, जिन, व्हाइट रम, टकीला आणि संत्र्याचं लिकर असे पाच प्रकार प्रत्येकी १५ मिलि पडतात. म्हणजे ७५ मिलि कडक दारू, जवळजवळ अडीच स्मॉल. वरून लिंबू, साखर आणि कोला, त्यामुळे जिभेला पत्ताच लागत नाही. नेग्रोनीत जिन, गोड व्हर्मूथ आणि कॅम्पारी हे कडवट लिकर ३०-३०-३०; शेवटची दोन जिनपेक्षा सौम्य, म्हणून तिघांचं मिळून दोन स्मॉल होतात. ६० मिलि व्हिस्कीचा ओल्ड फॅशन्ड, तोही दोन. तुमचे चार ग्लास म्हणजे जवळपास नऊ स्मॉल झाले, आणि त्यातले पाच तर ड्रमर खुर्चीवर बसायच्या आधीच पोटात गेलेले. शरीर तासाला ढोबळमानाने एक स्मॉल निपटतं, माणसागणिक थोडं कमीजास्त. साडेसात ते बारा म्हणजे साडेचार तास. मुलुंडला दाराचं कुलूप उघडता तेव्हा निम्मी दारू अजून अंगातच असते.

तेव्हा पहिला बळी ‘एकावर एक’चा द्या. या योजनेतली मेख अशी की दोन्ही ग्लास बहुतेक ठिकाणी एकदमच टेबलावर येतात. पहिला संपेस्तोवर दुसऱ्यातला बर्फ विरघळतो, ही भीती मनात असल्याने माणूस पहिलाही घाईने संपवतो. मोह सुटत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा, ‘दुसरा मी सांगेन तेव्हा बनवा.’ वेळेत बिलावर चढला की बरेच बार ते चालवून घेतात. पण खरं म्हणजे नऊला पोचा, आधी काहीतरी खा, आणि संध्याकाळची सूत्रं बँडच्या हाती द्या. जॅझचा एक सेट साधारण ४५ ते ६० मिनिटांचा, मध्ये पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती. सेटमागे एक ग्लास, आणि ग्लास असा निवडायचा की तो सेटभर तग धरेल. आमचा सगळा सल्ला या एका वाक्यात बसतो, बाकी तपशील आहे. तपशील मात्र बराच आहे.

ओल्ड फॅशन्ड पातळ होतो तो बर्फामुळे. मशीनमधून पडणारे छोटे, मध्ये पोकळी असलेले खडे ग्लासात भरले की दारूला लागणारा पृष्ठभाग खूप वाढतो, आणि वितळण्याचा वेग त्या पृष्ठभागावर ठरतो. एकच मोठा खडा, पाचेक सेंटिमीटर बाजूचा, तेवढ्याच वजनाच्या चुऱ्यापेक्षा किती तरी सावकाश विरघळतो. म्हणून पहिला प्रश्न हाच : ‘मोठा एकच खडा आहे का?’ असेल तर तो फ्रीजरमधून काढल्या काढल्या त्यावर दारू ओतू देऊ नका. थंडगार खड्याला तडा जातो आणि एकाचे चार होतात. खडा आधी पांढुरका, दव धरलेला दिसतो. मिनिटभर बाहेर राहिला की त्याची पाठ काचेसारखी ओली, पारदर्शक होते. तेव्हा तो तयार.

दुसरी चूक बर्फ घालण्याच्या आधीची असते. काउंटरवर बसून एकदा बघा. साखरेचा चौकोनी खडा, दोन थेंब बिटर्स (वनस्पतींचा कडू अर्क), त्यावर संत्र्याची फोड आणि चेरी, आणि हे सगळं दांड्याने कुटलं जातंय असं दिसलं, तर तुमच्या ग्लासात फळांचा चोथा येणार आणि साखर तळाशी कचकच करत राहणार. साखर दारूत नीट विरघळत नाही, तिला पाणी लागतं. म्हणून पाक वापरायला सांगा : ६० मिलि व्हिस्की, चहाच्या एका चमच्याइतका, म्हणजे ५ मिलि पाक, दोन-तीन झटके बिटर्स, आणि मिक्सिंग ग्लासात बर्फावर तीसेक सेकंद ढवळणं. ढवळण्याचा आवाज ऐका. चांगल्या हातात चमचा काचेच्या कडेकडेने फिरतो आणि आवाज जवळजवळ होतच नाही, बर्फाचा सगळा गोळा एकदम गरगरतो. टकटक ऐकू आली की समजा बर्फ फुटतोय आणि पाणी वाढतंय. शेवटी संत्र्याची साल. फक्त साल, ग्लासावर पिळून तिचं तेल उडवायचं. जाड सालीचं माल्टा यासाठी बरं. नागपुरी संत्रं खायला कितीही गोड असो, त्याची सैल साल रुंद पट्टीत नीट निघत नाही.

ढवळतानाच ड्रिंकमध्ये पाव हिस्सा तरी पाणी उतरतं, आणि ते उतरायलाच हवं; त्याशिवाय ६० मिलि व्हिस्की नुसती घसा जाळते. तक्रार त्यानंतरच्या पाण्याबद्दल करायची. ड्रिंक पातळ, फार गोड किंवा तळाला साखर असलेलं आलं, तर पहिल्या-दुसऱ्या घोटाला सांगा आणि दोष नाव घेऊन सांगा. ‘मजा नाही आली’ म्हटलं तर बारटेंडर काय करणार? ‘गोड झालंय’ म्हटलं तर दोन झटके बिटर्स टाकून देईल. अर्धा ग्लास रिकामा करून परत पाठवणं मात्र बरं दिसत नाही.

नेग्रोनी मागवण्याआधी व्हर्मूथची चौकशी करा. व्हर्मूथ ही वाइनच आहे, वनस्पती घालून थोडी कडक केलेली, सोळा-अठरा टक्क्यांच्या आसपास. बाटली उघडली की फ्रीजमध्ये महिना-दीड महिना बरी राहते. मागच्या फळीवर, दिव्याखाली, मुंबईच्या उकाड्यात उभी ठेवली तर लवकर उतरते. आंबूस, जुन्या मनुकांसारखा वास येतो. व्हिस्की-सोड्यावर चालणाऱ्या बारमध्ये व्हर्मूथ खपतंच कमी, त्यामुळे एक बाटली चार-चार महिने पुरते. ‘व्हर्मूथ फ्रीजमध्ये असतं का?’ एवढं विचारा. उत्तराआधी जरा थांबून मागे वळून पाहिलं गेलं, तर त्या दिवशी नेग्रोनी, मॅनहॅटन, मार्टिनी तिन्ही विसरा. बाटली ताजी असेल तर सेटभर साथ देण्यात नेग्रोनीसारखं दुसरं ड्रिंक नाही. कडवट असल्याने घोट आपोआप छोटे होतात, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडं पाणी मिसळून ती उलट सुधारत जाते.

मार्टिनी, डायक्विरी अशी बर्फाविना, दांड्याच्या ग्लासात येणारी ड्रिंक सेटसाठी चुकीची. पंधरा मिनिटांत ती कोमट होतात, आणि कोमट मार्टिनी म्हणजे नुसती जिन. ती मध्यंतरात मागवावी, गप्पा मारत संपवावी. व्हिस्की सावरचंही तसंच. फेस बसला की अंड्याच्या पांढऱ्याचा वास वर येतो. शेक होणारं काहीही मागवताना आणखी एक भान ठेवा : शेकर बारा-पंधरा सेकंद खडखडतो, आणि छोट्या जागेत तो अख्ख्या खोलीला ऐकू जातो. बेसवाला एकटा वाजवत असताना डायक्विरीची ऑर्डर देणाऱ्याला बँड मनातल्या मनात काय म्हणत असेल, ते इथे छापता येणार नाही. जलद गत सुरू होऊ द्या, मग हात वर करा.

तुमच्यापुरतं बोलायचं तर पहिल्या सेटला ३० मिलिची जिन किंवा व्हिस्की उंच ग्लासात, बर्फ काठोकाठ, टॉनिक किंवा सोड्याची बाटली न ओतता शेजारी. काठोकाठ बर्फ म्हणजे पाणी जास्त, असं वाटतं. होतं उलट, कारण भरपूर बर्फ एकमेकांना गार ठेवतो आणि कमी वितळतो. तुम्ही थोडं थोडं ओतत राहा, शेवटचा घोटही फसफसता मिळेल. दुसऱ्या सेटला ओल्ड फॅशन्ड किंवा नेग्रोनी. एकूण तीन स्मॉल, मध्ये दोन मोठे ग्लास पाणी. खारे शेंगदाणे आणि तळलेला चकणा तहान वाढवतात आणि ती तहान पाण्याऐवजी ग्लासावर भागवली जाते; पनीर, कबाब, चीज असं काहीतरी पोटाला आधार देणारं घ्या, तेही पहिल्या घोटाच्या आधी.

आता टाळ्या. तुम्ही फसलात ती जागा फसण्यासारखीच असते. तिला ब्रेक म्हणतात : सगळा बँड एकदम गप्प होतो, एकच वादक दोन-चार बार, म्हणजे मात्रांचे तेवढे गट, एकटा वाजवून पुढे झेप घेतो, आणि नेमक्या मात्रेवर सगळे पुन्हा येऊन मिळतात. आपल्याकडे तबलजी गप्प होऊन गायकाची तान तेवढी ऐकू यावी, तसंच काहीसं. खरं संपणं ओळखायची खूण कानापेक्षा डोळ्याला आधी दिसते : तिघं एकमेकांकडे बघतात, शेवटचा सूर लांबतो, आणि ड्रमर झांजेवर हात ठेवून तिची थरथर बंद करतो. तो हात पडला की वाजवा टाळ्या.

संगीत नाटकाची, ख्यालाची सवय असलेल्या माणसाला जॅझचा सांगाडा अवघड जाऊ नये. आधी धून वाजते, तिला हेड म्हणतात. मग त्याच धूनीच्या स्वरसंगतीवर एकेक जण विस्तार करतो. शेवटी हेड परत येतं. हे चक्र म्हणजे आवर्तनच. ब्लूज असेल तर १२ बारचं, चार मात्रांचा एक बार, म्हणजे ४८ मात्रा. जुनी नाट्यगीतवजा गाणी बहुधा ३२ बारची : आठाचा एक तुकडा दोनदा, मग आठाचा वेगळा, मग पहिला परत. मिनिटाला १२० मात्रांच्या मध्यलयीत ३२ बारचं एक आवर्तन चौसष्ट सेकंदांत पुरं होतं. पहिली दोन आवर्तनं बोटांवर मोजा. तो मधला वेगळा तुकडा एकदा ओळखता आला की पियानोवाला कुठे आहे ते तुम्हाला कळत राहील, आणि विस्तार ‘काहीतरी चाललंय’ वाटायचा थांबेल.

एक मोठा फरक आहे. आपली मान समेवर पडते, जॅझचा झोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. ड्रमरच्या डाव्या पायाखाली दोन झांजा मिटताना ‘चिक्’ वाजतं, ती ही जागा. पायाने ठेका धरायचा तर तिथे धरा. एक आणि तीनवर टाळी धरलीत की बँडला वरातीत वाजवल्यासारखं वाटतं.

एकेकाचा विस्तार संपला की गाणं चालू असतानाच थोडक्यात दाद द्यायची असते, दोन-तीन सेकंद, पुढच्याची सुरुवात झाकू नये एवढीच. ‘वा!’ म्हटलंत तरी चालतं. ड्रमरबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण सुरू झाली, सवाल-जवाबासारखी, तर मध्ये टाळ्या नकोत. पुढचा सवाल बुडतो. आणि बेसच्या विस्तारात बोलू नका. बेसचा आवाज मुळात खालचा, म्हणून बाकीचे मुद्दाम हळू होतात, आणि खोलीतल्या लोकांना वाटतं की आता बोलायला मोकळीक मिळाली. दर शुक्रवारी, दर बारमध्ये हेच घडतं.

बसायची जागा फोनवरच मागून ठेवा. मंचाकडे तोंड केलं की पियानो बहुधा डाव्या हाताला असतो. डावीकडचं टेबल मिळालं तर वाजवणाऱ्याची बोटं दिसतात. स्पीकरच्या अगदी समोर नको, ड्रम्सच्या दोन हातांवर नको, आणि बर्फाच्या मशीनजवळ तर नकोच. मंगळवार-बुधवारी बँड असेल तर एखाद्या शुक्रवारच्या बदल्यात तो वार करून बघा. गर्दी कमी असली की बारटेंडर तीस सेकंद ढवळतो. शुक्रवारी दहा वाजता त्याच्याकडे दहा सेकंदही नसतात.

हे संगीत परक्याचं आहे असा संकोच वाटत असेल, तर तो काढून टाका. १९३५ साली अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले, तेव्हापासून मुंबईला या सुरांची सवय आहे. गोव्यात हळदोण्याला जन्मलेला ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, रात्री हॉटेलात वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातही असायचा. भगवानदादांच्या १९५०च्या दशकातल्या गाण्यांवर तुमचा पाय हलत असेल, तर त्या पायाची तालीम आधीच झालेली आहे.

वहिनींसाठी. मोहितोतला पुदिना आणि लिंबू बिचारे निर्दोष. बाटलीतलं सिरप गुन्हेगार. ड्रिंकचं नाव सांगू नका, तीन गोष्टी सांगा : कशी चव, उंच ग्लास की बुटका, आणि गोडी किती. ‘आंबट-खारट, उंच, बिनसाखरेचं’ म्हटलं तर बऱ्या बारमध्ये कोकम निघतं. आगळ विचारा, सरबत नको. सरबतात साखर आधीच असते. १५ ते २० मिलि आगळ, १५० मिलि सोडा, भरपूर बर्फ. आगळ खारट असतं, वरून मीठ घालू देऊ नका. कडवट आवडत असेल तर टॉनिक १५० मिलि, ताज्या लिंबाचा रस १० मिलि आणि संत्र्याची साल. क्विनाइनच्या कडूपणामुळे हेही तुमच्या नेग्रोनीसारखं सावकाश प्यायलं जातं. तिखटपणा हवा तर आल्याचा रस १० मिलि, लिंबू १५, पाक १०, सोडा १२०. बिटर्स मात्र सांगून टाळा, त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं. थेंबभरच पडतं, पण न पिणाऱ्याला विचारल्याशिवाय तेही देऊ नये. आणि ग्लास तुमच्यासारखाच, चांगल्या काचेचा मागा. छत्री आणि रंगीत स्ट्रॉ लावून आलं की शेजारचं टेबल उगाच ‘काय, आज गाडी चालवायची का?’ म्हणत बसतं.

तसं त्या खरंच चालवणार असतील तर उत्तम. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि सत्तर किलोच्या माणसाला एक नेग्रोनीसुद्धा तिच्या पलीकडे नेऊ शकते. पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसरा सेट संपल्यावर ‘आता उतरली’ असं वाटणं हा कसलाही पुरावा नव्हे.

बिलाचं. टेबल सांगताना विचारा की संगीताचं कव्हर, म्हणजे बसण्याचं वेगळं शुल्क, आहे का, आणि असल्यास ते खाण्यापिण्यातून वळतं का. वळत असेल तर पहिलं खाणं त्यातच मोडा. बिलात दारूवर व्हॅट आणि खाण्यावर, कोकमासकट, जीएसटी असे दोन वेगळे कर दिसतील, ते बरोबर आहे. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. काढायला सांगितलं तर काढावं लागतं. ते काढलंत तर त्यातली नोट बारटेंडरच्या हातात आणि दुसरी बँडच्या बरणीत टाका, तीही मध्यंतरात, वाजवणारे पाणी प्यायला खाली उतरतात तेव्हा. फर्माईश करायची तर तीच वेळ, आणि गाण्याचं नाव आठवत नसेल तर ‘एखादी संथ, ब्रशवर’ (काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवलेली) एवढं सांगितलं तरी ड्रमरला कळतं.

बिल शेवटच्या गाण्याच्या दोन गाणी आधीच मागवा. संपल्यावर मागवलंत तर वीस टेबलं आणि एक कार्ड मशीन, आणि तिकडे सीएसएमटीवर शेवटची गाडी कोणासाठी थांबत नाही.